सतरा गोवऱ्यांची खोली

साळूबाई मला कधीच आवडली नाही. माणूस गेलं की त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं, असला भिडस्तपणा माझ्या अंगात नाही, आणि तिच्याही नव्हता. परतूरच्या निम्म्या पोरांची नाळ तिनं कापली, तिच्या हाताला यश होतं, असं लोक सांगतात ते खरं आहे. पण ती उद्धट होती, तोंडाळ होती, आणि दुसऱ्याच्या घरात उभं राहून त्याच घराला नावं ठेवायची तिला हौस होती. अडतीस सालच्या थंडीपर्यंत तिच्यावाचून परतुरात बाळंतपण होत नसे. त्यानंतर ती आठ वर्षं जगली, आणि त्या आठ वर्षांत तिला कुणी बोलावलं नाही. त्याचं कारण फक्त मला ठाऊक आहे, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ती गावकुसाबाहेर राहायची. नवरा रेल्वेच्या रुळांवर खडी फोडायच्या कामाला होता, तो तरणाच गेला. उंच, हाडापेराची बाई. मिशेरीनं काळे झालेले दात, आणि हात असे रुंद की एका पंजात अख्खं मूल मावेल. दुसऱ्या सुइणी कळा सुरू झाल्या की येतात. ही दोन महिने आधी यायची, आणि पोटुशीकडे ढुंकूनही न बघता आधी खोली बघायची.

"पोरगं बाई काढती," ती म्हणायची, "पण जगवती खोली."

खोली बघायची म्हणजे काय, तर ती किती ऊब गमावणार ते मोजायची. भिंतीवर पालथा हात टेकवायचा, जमिनीवर तळपाय घासायचा, दार कुठल्या दिशेला आहे ते बघायचं, वर बघायचं. तिचं माप होतं गोवरी. वीतभर रुंद, बोटभर जाड, नीट वाळलेली. दोन हात रुंद पांढऱ्या मातीच्या भिंती आणि वर मातीचं जाड माळवद, अशी खोली दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत उबदार ठेवायला पाच गोवऱ्या. तिथून पुढे बेरीज सुरू. उत्तरेला दार असलं तर दोन. खिडकीला एक. भिंत ओली असली तर दीड. खोलीत झोपणाऱ्या दर माणसामागे अर्धी वजा, आणि भिंतीपलीकडे बैल बांधलेले असले तर दोन वजा, कारण जनावराची ऊब भिंतीत उतरते. हा सगळा हिशोब ती पुटपुटत करायची आणि आकडा ठरला की कोळशानं दाराच्या चौकटीवर तेवढ्या रेघा ओढायची. घरातलं कुणीही असो, त्यानं रेघा मोजून तेवढ्या गोवऱ्या अंगणात पेटवायच्या, धूर निघून गेला की निखारे घमेल्यातून आत आणायचे. एक कमी नाही आणि एक जास्तही नाही. जास्त तापवलं की लेकराचा घसा सुकतो, असं तिचं म्हणणं होतं, आणि कुणी आपल्या मनानं एक वाढवली तर ती त्याच्या सात पिढ्या उद्धरायची.

आकड्याची परीक्षाही घ्यायची. पहिली कडक थंडी पडली की पोटुशीनं त्या खोलीत एक रात्र काढायची, रेघांइतके निखारे घालायचे, आणि सगळ्यात गार कोपऱ्यात जमिनीवर वाटीभर पातळ तूप ठेवायचं. सकाळी साळूबाई येऊन त्यात बोट घालणार. बोट सरळ आत गेलं तर आकडा बरोबर. तूप थिजलं असलं तर एक रेघ वाढली. तिची स्वतःची दोन लेकरं कुडाच्या झोपडीत गारठून गेली होती, तेव्हापासून ती हे करायला लागली, असं आई म्हणायची. साळूबाईनं स्वतः ते कधी सांगितलं नाही. तिला दया नको होती, तिला आपलं म्हणणं खरं ठरायला हवं होतं.

आता माझ्या बाबांबद्दल. नरहरपंत तामिरात खात्यात, म्हणजे सरकारी बांधकामात, ओव्हरसीयर होते. वीस वर्षं दुसऱ्यांचे पूल आणि कचेऱ्या बांधल्या. खात्यानं दोनदा बढती डावलली. मग त्यांनी सगळा जीव ओतून परतूर स्टेशनाजवळ स्वतःचं घर बांधलं. भाजक्या विटांच्या नऊ इंची भिंती, खाली शहाबादी फरशी, काचेच्या खिडक्या, भिंतीत वर हवेसाठी जाळ्या, आणि वर पत्रा. माळवदावर दर पावसाळ्याआधी माती घालायची कटकट नाही, उंदीर नाहीत, विंचू नाहीत. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून घर दाखवायचे. खात्यानं त्यांना जे दिलं नाही, ते या घरानं दिलं होतं. मी त्यांची एकुलती एक मुलगी. माझ्या आयुष्यात त्यांच्याइतकं मी कुणावर प्रेम केलं नाही, नवऱ्यावरही नाही. हे आधीच सांगून टाकते.

अडतीस सालची दिवाळी झाली आणि मी सेलूहून पहिलटकरीण म्हणून माहेरी आले. आठ दिवसांनी साळूबाई मागच्या दारानं आली. बाळंतिणीची खोली मागच्या अंगाला होती, तिला परसातून वेगळं दार होतं. बाबा सुधारक म्हणवून घेत, म्हणून तिला त्या खोलीत येऊ द्यायचे. खोली नंतर धुता येते.

तिनं वर बघितलं आणि तिथंच तोंड वाकडं केलं.

"पत्रा?"

"चांगला जाड आहे," आई म्हणाली.

"जाड असू द्या न्हाई तर बारीक. दिवस बुडला की पत्रा आभाळाचा हुतो, घराचा ऱ्हात न्हाई." मग फरशीवर पाय घासून, "हा दगड. मातीची भुई ऊब धरून ठिवती, ह्यो पिऊन टाकतो." मग खिडक्या, मग जाळ्या. प्रत्येक वस्तूपाशी थांबून तिनं तिला दोष दिला. बाबा दारात येऊन उभे राहिले होते ते तिला दिसत होतं, तरी दिला. नंतर तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "मूळच्या पाच. पत्र्याच्या अजून पाच, धा. दगडाच्या दोन, बारा. दोन खिडक्या, चौदा. दार उत्तरंला, सोळा. ह्या जाळ्यांच्या दोन, अठरा. तू आन् तुही आई झोपणार, तर एक वजा. सतरा."

"सतरा?" आई म्हणाली. "बद्रीनाथ आडत्यांच्या सुनेला तर तू पाच सांगितल्या होत्यास."

"त्यांचं घर हाय. ह्यो डबा हाय."

आणि कुणी काही बोलायच्या आत तिनं पदराच्या गाठीतला कोळसा काढून बाबांच्या नव्या, आठवड्यापूर्वी हिरवा तेलरंग दिलेल्या चौकटीवर सतरा काळ्या रेघा ओढल्या.

बाबांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "ए! हात काढ! कुणाच्या चौकटीला हात लावतेस?"

"रेघा न्हाई वढल्या तर ध्यानात कसं ऱ्हाईल, रावसाहेब?"

"बिलकुल ध्यानात ठेवायचं नाही. वीस वर्षं मी इमारती बांधतोय, आणि तू मला घर शिकवणार?"

"इमारती बांधल्या असतील. त्यात बाळंतीण कोण झोपलं हुतं?"

बाबांनी रॉकेलचा बोळा आणवून रेघा पुसल्या. रंगही थोडा निघाला, तिथं पांढरा डाग पडला. साळूबाई परसात उभी राहून शांतपणे बघत होती, आणि तो शांतपणा मला शिव्यांपेक्षा लागला. जाता जाता ती मला म्हणाली, "अक्का, बद्रीनाथाच्या माळवदाच्या खोलीत जा बाळंतपणाला. तुह्या बापाला वाईट वाटंल, पण लेकरू जगंल." माझ्या तोंडावर, माझ्या पोटातल्या जिवाबद्दल! मी तिला घरातून हाकलून दिलं असतं, पण परतुरात दुसरी धड सुईण नव्हती.

त्या संध्याकाळी बाबा कागद-पेन्सिल घेऊन बसले. अपमान झाला की ते गणित करायचे. बद्रीनाथ आडत्यांची खोली दहा बाय दहा, उंची आठ, म्हणजे आठशे घनफूट. तिला गोवऱ्या पाच. आपली बारा बाय बारा, उंची दहा, चौदाशे चाळीस घनफूट. त्रैराशिक मांडलं. "नऊ!" बाबा म्हणाले. "बराबर नऊ. तापवायची असते खोलीतली हवा. हवा किती ते मोजलं की झालं. सतरा कुठून आल्या?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी साळूबाईला बोलावून तो कागद वाचून दाखवला. ती परसातल्या दगडावर बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हवा तर दार उघडलं की बदलती, रावसाहेब. तिला तापवून काय करता? भिंती काय पितेत, वरून काय जातं, त्ये भरून काढायचं असतं. पाणी किती हाय त्ये कामून मोजता? घागरीला भोकं किती हायत त्ये मोजा."

आज मला कळतं की सबंध परतुरात त्या घराबद्दल एवढं शहाणपणाचं कुणी बोललं नव्हतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की एक अडाणी बाई माझ्या बाबांना त्यांच्याच परसात उत्तर देते आहे.

"ठीक," बाबा म्हणाले. "तुझीच परीक्षा. तूप ठेवू. निखारे नऊ गोवऱ्यांचे. थिजलं तर सतरा मान्य, नाही थिजलं तर तू सगळ्यांसमोर तोंड बंद करायचं."

"ठिवा. मी तुपाची पणती घिऊन येते."

"तुझी पणती कशाला? आमच्या घरात तुझं तूप नको. तू त्यात काय मिसळशील त्याचा काय भरवसा?"

"मंग तुमचं ठिवा. सकाळी मी बोट लावीन."

"आमच्या तुपाला? अजिबात नाही. उंबऱ्यातून बघ. हिची आई वाटी वाकडी करून दाखवेल."

खोली धुता येते, तूप धुता येत नाही. आमची सुधारणा तिथं संपायची. साळूबाईनं बाबांकडे एक क्षण बघितलं. दुसऱ्या सगळ्या घरांत, मुसलमानांच्या, कुणब्यांच्या, तिनं बोट घालून बघितलं होतं. तिचा डोळा तिच्या बोटात होता. पण ती म्हणाली, "बघते उंबऱ्यातून. सत्य काय, दुरून बी दिसतंय."

मार्गशीर्षात थंडी कडक पडली, तो दिवस ठरला. सकाळी साक्षीला बद्रीनाथ येणार होते. बाबा दिवसभर हसतखेळत होते, पण मी त्यांची मुलगी, मला दिसत होतं. ते तीनदा जाऊन पत्र्याकडे बघून आले. जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला नाही. उद्या हरले तर बद्रीनाथांच्या तोंडून ही गोष्ट बाजारात जाणार, बाजारातून कचेरीत. ओव्हरसीयरच्या घराला एका सुइणीनं डबा ठरवलं.

दिवेलागणीला आईनं मला सांगितलं, "आरू, वाटीत तूप काढ आणि कोपऱ्यात ठेव."

मी स्वयंपाकघरात गेले. तूप पातळ केलं. अर्धी वाटी तूप घेतलं आणि शेजारच्या बुधल्यातलं करडईचं तेल त्यात अर्धी वाटी घातलं. काडीनं ढवळलं. रंग अगदी पातळ तुपासारखा दिसत होता. मला कुणी सांगितलं नव्हतं, बाबांना ते मरेपर्यंत कळलं नाही, आईलाही नाही. मी ते केलं कारण मला त्या बाईचा राग आला होता आणि बाबांची कीव आली होती. पैकी राग जास्त होता. साळूबाईनं त्यात बोट घातलं असतं तर तेल तिला पहिल्या स्पर्शात कळलं असतं. पण ते बोट आम्ही आधीच बाहेर ठेवलं होतं.

पहाटे मला जाग आली तेव्हा माझी पावलं बधिर झाली होती. आईनं दोन गोधड्या अंगावर घेतल्या होत्या. पत्र्याच्या खिळ्यांवर दव थेंबाथेंबानं साचलं होतं. नऊ गोवऱ्या कधीच विझल्या होत्या. म्हणजे मला निकाल त्या वेळीच कळला होता, आणि तो मीच पुसणार होते.

उजाडल्यावर सगळे जमले. आईनं वाटी उचलून उंबऱ्याजवळ आणली आणि ताटलीवर वाकडी केली. ते वाहिलं. थोडे रवाळ कण होते, पण वाहिलं.

"नऊ!" बाबा ओरडले. बद्रीनाथ टाळी देऊन हसले.

साळूबाईचं वाटीवरून लक्ष हललं नाही. "परत एकदा वता," ती म्हणाली. आईनं परत ओतलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"अक्का, तुला गारठा न्हाई वाजला?"

"नाही."

"पाय?"

"नाही म्हटलं ना."

मला वाटलं होतं ती भांडेल, कांगावा करेल, शापबिप देईल. मी त्याची तयारी करून उभी होते. पण तिनं मान खाली घातली आणि बद्रीनाथांसमोर, बाबांसमोर स्वच्छ म्हणाली, "मंग पत्र्याच्या घराचा माहा हिशोब चुकत आल्ता. इतकी वर्षं असल्या घराला जवळजवळ दुप्पट धरून राह्यले हुते म्या." बाबांनी तिला कोळसा आणून दिला आणि त्याच चौकटीवर नऊ रेघा ओढायला लावल्या. तिनं ओढल्या. हरल्यावर माणसानं थोडं तरी खोटं वागावं की नाही? ती वागली नाही, म्हणून मला ती आणखीच सहन होईना.

पौषात मला मुलगा झाला. साळूबाईनंच सोडवलं, दीड दिवस माझ्यापाशी बसून. सोयरात, म्हणजे बाळंतपणाच्या विटाळाच्या दिवसांत, तिचं सगळं चालत होतं. मला, मुलाला, अंथरुणाला हात लावत होती. पहिल्याच रात्री मुलाचे ओठ निळसर दिसले आणि मी आईला म्हटलं, "निखारे वाढव. बाबांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल." आईनं वाढवले. दुसऱ्या रात्री आणखी वाढवले. खोली जिथं सुखाची वाटली तिथं आम्ही थांबलो. आई सकाळी हळूच म्हणाली, "आरू, मोजल्या गं मी. सतरा लागल्या."

मी तिला गप्प बसवलं. सतरा. अर्धीचासुद्धा फरक नव्हता.

साळूबाई रोज सकाळी न्हाऊ घालायला यायची. चौथ्या दिवशी तिनं खोलीत आल्या आल्या भिंतीवर पालथा हात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"अक्का, नऊच घालून राह्यले?"

"नऊच."

"खरं सांग. भिंत गरम लागती."

"रेघा तूच ओढल्यास ना? मग विचारतेस कशाला?"

माझा मुलगा माझ्या कुशीत ऊन ऊन झोपला होता. ती पाणी काढायला गेली.

माझं न्हाणं संपल्यावर आठवड्याभरात कापसाच्या जिनिंगच्या चाळीत अनवरी बाळंत झाली. तिचा नवरा कमरोद्दीन जिनिंगमध्ये इंजिनावर होता. अनवरीची आधीची दोन पोटातच गेली होती. हे तिसरं, पुऱ्या दिवसांचं, मुलगी. चाळ पत्र्याची होती. पूर्वीच्या हिशोबानं साळूबाईनं तिथं पंधरा रेघा ओढल्या असत्या. आमच्या वाटीनं तिला शिकवलं होतं की पत्र्याच्या घराला ती जवळजवळ दुप्पट धरते, म्हणून तिनं आठ ओढल्या. कमरोद्दीनकडे गोवऱ्यांची कमी नव्हती, भिंतीला लावून ढीग होता. त्यानं शंभर जाळल्या असत्या. पण साळूबाईची ताकीद म्हणजे ताकीद, आणि तो रोज आठच मोजून पेटवायचा. तूप ठेवून बघायला सवड नव्हती, साळूबाईला बोलावणं आलं तेव्हाच अनवरी कळा घेऊन बसली होती. त्या आठवड्यात थंडीनं हरभरा करपला. मुलगी सहाव्या दिवशी सकाळी गार लागली.

कमरोद्दीननं साळूबाईला काही केलं नाही. चाळीतल्या बायांनी मात्र तिला दगड मारत रेल्वेच्या फाटकापर्यंत पिटाळलं. ओव्हरसीयरसाहेबांनी हिचा हिशोब खोटा असल्याचं महिन्यापूर्वीच सिद्ध केलं होतं, हे बद्रीनाथांच्या पेढीवर सगळ्यांना आठवलं. बाबा म्हणाले, "फिजूल अडाणी बाई. मी तेव्हाच सांगितलं होतं." ते हे अगदी मनापासून म्हणाले. माझ्या बाबांनी आयुष्यात कधी खोटा आकडा लिहिला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी साळूबाई आमच्या परसात आली. कपाळावर जखम होती, त्यावर हळद दाबलेली. आता सोयर संपलं होतं, म्हणून ती दाराबाहेर दगडापाशीच थांबली. बाबा कामावर गेले होते, आई देवळात. मी मुलाला मांडीवर घेऊन दारात बसले होते.

"अक्का, काल अनवरीच्या खोलीत जाऊन आले. नवरा चांगला माणूस, आत येऊ दिलं. आठ गोवऱ्या घातल्या, तूप ठिवलं. सकाळी बोट गेलं न्हाई. दगड झाल्तं. तिथं आठात थिजतंय. हितं नवात थिजत न्हाई. खोली तुमची मोठी. म्या तीन दिस हेच करून राह्यले, हिशोब बसत न्हाई. त्या दिशी वाटीत तूपच व्हतं?"

"मग काय असणार?"

"चिडू नको. भांडाया न्हाई आले. त्या लेकराचं तर काही व्हत न्हाई आता. पर पुढं दुसऱ्या बाया हायत. पत्र्याची घरं वाढून राह्यली. मला खरा आकडा ठावं पाहिजे, बस." ती जवळ सरकली नाही, पण हात पुढे आला, तोच रुंद हात. "त्याच भांड्यातलं तूप एकदा मला बोट लावून बघू दे. एकदाच. कुणाला सांगत न्हाई."

एवढंच. तिला सूड नको होता, माफी नको होती. मी एक शब्द बोलले असते तर तिचा हिशोब तिला परत मिळाला असता, आणि तिच्या हाताखालून पुढे येणाऱ्या सगळ्या पोरांना मिळाला असता. बाबांचं नाव गेलं असतं. आणि मी काय केलं ते सगळ्या परतूरला, सेलूला, अनवरीला कळलं असतं. मी त्या हाताकडे बघितलं. त्या हातानं माझा मुलगा बाहेर काढला होता.

"आमच्या तुपाला हात लावणार तू?" मी म्हटलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तिनं हात मागे घेतला. मला वाटतं त्या वेळी तिला काहीतरी कळलं. किंवा नसेल कळलं, मी त्याचा विचार चाळीस वर्षं करते आहे. ती बराच वेळ पत्र्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "मंग माझंच चुकलं," आणि परसाच्या फाटकाची कडी नीट लावून निघून गेली. त्यानंतर तिनं कुणालाही आकडा सांगितला नाही, आणि पत्र्याखाली जन्मलेली पोरं परतुरात पुढच्या किती थंड्यांत गेली ते मला मोजता येत नाही.

ती गेली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. देवाशपथ सांगते, सुटल्यासारखंच वाटलं. मुलगा कुरकुरायला लागला होता, म्हणून मी त्याच्या पायांवरचं दुपटं बाजूला केलं. त्याच्या तळव्यांना घाम आला होता.